गल्ला आणि सुई : उपनगरांतील आपल्या दुकानांविषयी थोडेसे

‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण आपल्या नामदेव शिंपी समाजातील प्रत्येक मुलाने शाळेत केव्हा ना केव्हा ऐकलेली असते. सोनार व कुलकर्णी यांनी आपापला जबाब द्यावा. शिंप्यावर आरोप दोन : तो कापड राखतो, आणि दिलेला दिवस पाळीत नाही. पहिल्याविषयी पुढे बोलूच. दुसरा आम्ही नाकारीत नाही. तो खरा का ठरला, याचे उत्तर अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड येथील आपल्या लहान दुकानांच्या इतिहासात दडलेले आहे, आणि तो इतिहास आपल्या स्मरणिकांतून आजवर फारसा आलेला नाही.

पेच जुनाच आहे. श्रीनामदेवमहाराजांच्या (जन्म १२७०) गाथेत त्यांच्या मातोश्री गोणाई व पत्नी राजाई यांच्या नावांचेही अभंग आहेत. मुलाचे धंद्याकडे लक्ष नाही, संसार कसा चालवावा, अशी त्यांतील तक्रार आहे. कीर्तनकार हे अभंग महाराजांची विरक्ती दाखविण्यासाठी घेतात. आम्हांस ते एका दुकानदाराच्या घरातील बोलणे म्हणूनही ऐकू येतात. एकाच्या हातून काम सुटले की ते नाहीसे होत नाही, ते घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाते. महाराजांच्या मनातून मात्र धंदा सुटला नव्हता. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि त्यांत गज, कात्री, सुई व दोरा ही आपली हत्यारे भक्तीची साधने होऊन आली आहेत.

यंत्राने हा पेच सुटेल अशी पुष्कळांची समजूत होती. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा पोट जाईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रे फोडली. पुढे अमेरिकेत एलायस हौ याने १८४६ मध्ये व आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये पेटंटे मिळविली. सिंगर कंपनीने १८५६ पासून हप्त्यांची सोय केली आणि यंत्र लहान कारागिराच्या आवाक्यात येऊ लागले. आपल्याकडे ते कोणी फोडले नाही. खंडेनवमीस त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळाली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्रास अपवाद मानले. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते निर्माण केले, असे ते म्हणत. (सिंगरसाहेबांचे चरित्र त्यांना इतके पत्नीवत्सल ठरवीत नाही, पण ते असो.)

तथापि यंत्राने टीप वाढविली, टाका वाढविला नाही. जेथे दिवसाला एक सदरा होत असे तेथे चार होऊ लागले. परंतु चार सदऱ्यांची काजे, बटणे व तुरपाई हातानेच करावयाची राहिली. काजाचे स्वतंत्र यंत्र लहान दुकानात परवडत नसे. म्हणजे यंत्रापुढील ढीग कमी झाला तो सुईपुढे जाऊन बसला. म्हणीतील आरोप यंत्र आल्यावरही का टिकला, याचे मुख्य कारण आमच्या मते हेच होय.

उपनगरांत आपली दुकाने वाढली ती रेल्वेमुळे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडवरूनच गेली. पश्चिमेकडे जानेवारी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. नोकरदार कुटुंबे बाहेर राहावयास आली व त्यांच्यामागोमाग शिंपी आला. १९५० मध्ये शहराची हद्द वाढली आणि १ फेब्रुवारी १९५७ पासून ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोचली. गिरगाव-परळकडील दुकानात भावाभावांना जागा पुरेना, तेव्हा धाकट्याने स्टेशनजवळ एखादा गाळा धरावा, असा सर्वसाधारण क्रम असे.

या गाळ्याची रचना जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे असेल. पुढे फळी व गल्ला, भिंतीशी यंत्र, वर पोटमाळा, आणि मागे पडद्याआड राहण्याची खोली. केवळ शिलाईवर घर चालत नसे, कारण शिलाईचा पैसा कपडा नेताना मिळावयाचा, आणि तोही पुष्कळदा उधारीवर. म्हणून मंगळदास मार्केट व भुलेश्वर येथून माल आणून फळीवर मांडावा लागे : रिळे, हुक, बटणे, नाड्या, लेस, अस्तर, भरतकामाच्या लड्या. रीळ विकले की रोख पैसा. पण त्या रोख पैशाची किंमत वेळेने मोजावी लागे. दुपारी कशिदा काढणाऱ्या बायका लडी घ्यावयास येत. लडी ती केवढी, सहा पदरांचा आठ मीटर दोरा! परंतु अबोली रंगाची नेमकी छटा जुळविण्यासाठी दहा लड्या दारातील उजेडात नेऊन पाहावयाच्या, शिवाय साखळी टाका कोठे चुकला तेही दाखवून द्यावयाचे. अर्धा तास जाई, विक्री काही आण्यांची होई, आणि तेवढा वेळ यंत्र मुके. गिऱ्हाइकाला तरी घालवावे कसे? तीच बाई उद्या मुलीच्या लग्नाचे कपडे घेऊन येणार.

वर्षाचे चक्रही असेच विषम. जूनमध्ये शाळांचे गणवेश. ते सरतात न सरतात तोच आषाढात हात मोकळा होई. आषाढ वद्य त्रयोदशीस महाराजांची पुण्यतिथी निवांतपणे करता येई ती त्यामुळेच. पितृपक्षात नवे कापड कोणी टाकीत नसे. शहाणा दुकानदार तेव्हा मागले काम उरकून घेई. आणि घटस्थापना झाली की सगळी पेठ एकदम दारात उभी राही, प्रत्येकाला दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला कपडा हवा! नाही म्हटले तर गिऱ्हाईक जाते, हो म्हटले तर शब्द जातो. बहुतेकांनी हो म्हटले.

तरीही पुष्कळ दुकानांनी शब्द राखला. तो कोणी राखला, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिण्यास घेतला. दुकानाची फळी पडली, जेवणे झाली, की पडद्यामागे दिव्याखाली दुसरे दुकान उघडत असे. सासू काज करी, सून तुरपाई करी, मुली बटणे लावीत आणि लहान पोरे कच्चे दोरे उसवीत. नऊवारी मागे पडून पाचवारी साडी रुळली, पुढे सुळसुळीत कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या, आणि फॉल लावणे हे नवेच काम निघाले. सुमारे पावणेतीन मीटरची ती पट्टी. वरचा टाका साडीच्या दर्शनी बाजूस दिसता कामा नये. हे काम जवळजवळ सगळेच स्त्रियांनी केले. पाट्यांवर मात्र ‘आणि सन्स’ असे. ‘आणि सून’ अशी पाटी आम्ही कोठे पाहिली नाही.

रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनात स्त्रिया शिवण शिकल्या, तेव्हा ते स्वावलंबन म्हणून गौरविले गेले, आणि ते योग्यच झाले. आपल्या घरांत तीच सुई तीच स्त्री पिढ्यान्‌पिढ्या चालवीत होती. परंतु ती ‘घरातली मदत’ ठरली, तिला मजुरी नव्हती आणि हिशेबात नोंद नव्हती. आपल्या स्मरणिकांतही दुकान काढणाऱ्या पुरुषांची छायाचित्रे छापली जातात. हा दोष आमच्याकडेही येतो. आम्हीही असे लेख लिहिले आहेत. पुढे फॉल-पिकोची दुकाने भगिनींनी स्वतःच्या नावावर काढली, तेव्हा कोठे पाटी थोडी बदलली.

आता कापड राखण्याविषयी. काही जण राखीत, हे लपविण्यात अर्थ नाही. पण पुष्कळदा गिऱ्हाईक ज्याला राखलेले कापड म्हणते, ती बाही व गळा कापताना सुटलेली चिंधी असते. १९५६ च्या कायद्यानंतर कापड वारावरून मीटरवर आले, अंगाचे माप मात्र आजही इंचांतच घेतले जाते. तेव्हा कापड किती लागेल याविषयीचा वाद तर ठरलेलाच. त्या चिंध्यांचे काय होई? बाळंतिणीच्या घरी कुंची जाई, दुपटे जाई, उरलेल्याची गोधडी होई. तीही पडद्यामागेच शिवली जाई.

तयार कपड्यांनी आपले पुष्कळ गिऱ्हाईक नेले. कित्येक गाळे आता चेन बदलणे, कंबर सैल करणे, उंची कमी करणे यांवरच चालतात. २०२० च्या टाळेबंदीत मुखपट्ट्यांची गरज पडली, तेव्हा याच घरगुती यंत्रांवर त्या शिवल्या गेल्या आणि अस्तराचे तुकडे त्यात खपले. पुनर्विकासात जुन्या चाळी पडत आहेत, गाळे रिकामे होत आहेत, आणि पोटमाळ्यावरील वह्या रद्दीत जात आहेत. वह्या म्हणजे माप, तारीख आणि कोपऱ्यात टाचणीने टोचलेली कापडाची चिंधी. आम्ही पाहिलेल्या अशा एका वहीत पुढील पानांवर दुकानदाराचे शाईचे अक्षर आहे आणि शेवटच्या पानांवर पेन्सिलीने, वेगळ्या हाताने, रोजच्या काजांचा आकडा मांडलेला आहे. तो कोणासाठी मांडला, हे त्या घरातही आता कोणास आठवत नाही. ज्या कुटुंबांकडे अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या कचेरीत एकवार आणून दाखवाव्यात. नक्कल करून त्या जशाच्या तशा परत केल्या जातील. शेवटची पाने फाडू नयेत, एवढी विनंती.