न्यायमूर्ती रानडे आणि कर्जखतामागची हकीकत

वसंतात व्याख्याने ऐकण्याची ही चाल महाराष्ट्रात पडली ती १८७५ साली. पुण्यातली पहिली वसंत व्याख्यानमाला माधवराव रानडे यांनी सुरू केली. त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची घरे गाठली व कर्जखते बाहेर काढून त्यांची होळी केली. माधवराव तेव्हा पुण्यातच दुय्यम न्यायाधीश होते.

कुणबी खतांवरच का तुटून पडला? कारण कोर्टापुढे खत हीच साक्ष होती. निरक्षर माणसाने अंगठा उठविला की मूळची रक्कम किती, तीत व्याजावरचे व्याज किती, हे विचारण्याचे न्यायाधीशास कारण उरत नसे. फिर्याद दाखल होई, प्रतिवादी गैरहजर राही आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

या दंग्यांतून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा निघाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाने खताच्या मागे जावे, व्यवहाराची हकीकत पहिल्या रुपयापासून तपासावी, मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा, हप्ते बांधून द्यावेत, असे त्याने सांगितले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले.

गंमत अशी की ज्या वर्षी हा कायदा झाला, त्याच वर्षी फडक्यांच्या बंडामुळे सरकारला माधवरावांचा संशय आला. त्यांची बदली धुळ्यास झाली व त्यांची पत्रे फोडून पाहिली जाऊ लागली. त्याच सरकारने पुढे, डॉ. पोलन यांच्यामागून, या कायद्याखालील विशेष न्यायाधीशाची जागा त्यांना दिली! ती त्यांनी १८९३ पर्यंत सांभाळली.

माझ्या मते त्यांच्या न्यायदानाचा खरा कस येथे लागला. हायकोर्टातील सात वर्षांची कीर्ती मोठी खरी; पण तेथे येणारा पक्षकार वकील देऊ शकणारा असे. या कायद्याखालच्या लहान दाव्यांना अपील नव्हते. त्याऐवजी विशेष न्यायाधीशानेच तालुक्या-तालुक्यांतून हिंडावे, दुय्यम कोर्टांची दप्तरे मागवावीत आणि चुकलेला निकाल दुरुस्त करावा, अशी योजना होती. न्याय मागायला पुण्यास येण्याचे बळ ज्याच्यात नव्हते, त्याच्या तालुक्यापर्यंत कोर्टच चालत जाई. रमाबाईंनी आपल्या आठवणींत त्या दौऱ्यांतील मुक्काम सांगितले आहेत.

कायद्याने सावकारी संपली नाही. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची वाट सावकारांनी लवकरच काढली. शेतकऱ्याला रास्त व्याजाचा पैसा दुसरीकडून मिळाल्यावाचून नुसत्या निकालांनी भागणार नाही, हे माधवरावांनी ओळखले होते. ग्रामीण पतपेढीविषयी त्यांनी लिहिले ते त्यामुळेच.

आपला भंडारा जिल्हा त्या चार जिल्ह्यांबाहेरचा, मध्यप्रांतातला, मालगुजारांचा. इकडे कर्जतडजोडीचा कायदा आला तो १९३३ साली, म्हणजे माधवरावांच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी. त्यात न्यायाधीशाच्या जागी मंडळ होते, पण धनकोला आणि ऋणकोला समोर बसवून पहिला प्रश्न तोच विचारायचा होता : देणे मुळात किती?