'दीनबंधू' कोणाशी बोलत होता?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची फेसबुकवरची पाने चाळताना एक गोष्ट लक्षात येते. दप्तरवाटप असो वा आरोग्य शिबिर, छायाचित्रात मागे कंपनीचा फलक असतो आणि खाली तिचे आभार. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले, तेव्हापासून हा मजकूर वाढला, हे स्वाभाविकच. पण तो लिहिला जातो देणाऱ्यासाठी. दप्तर घेणारे मूल त्यात दिसते, बोलत मात्र नाही.

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले कन्हेरसर हे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या घराण्याचे मूळ गाव. म्हणून या प्रश्नाचा इतिहास इथूनच पाहावासा वाटतो.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. चारच वर्षांत दुष्काळ आला. धनकवडीच्या छावणीत उपाशी मुलांना जेवू घालण्यासाठी फुल्यांनी १७ मे १८७७ रोजी मदतीचे आवाहन काढले. त्याआधी २० एप्रिलला सावित्रीबाईंनी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहून तिथली दैना आणि कार्यकर्त्यांची धावपळ कळवली होती. एक मजकूर मदत मागणारा, दुसरा कामाची हकीकत सांगणारा. संस्था चालवायची तर दोन्ही लागतात. तिसरा प्रकार मात्र त्याच वर्षी जन्मला होता. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केला. तो पैशाच्या ओढाताणीत सापडला आणि १८८० मध्ये लोखंड्यांनी मुंबईला नेला.

लोखंडे स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरण्यांतले दिवस त्यांनी आतून पाहिले होते आणि 'दीनबंधू'तून ते गिरणी कामगारांच्या हालअपेष्टांवर लिहू लागले. साक्षरता तुटपुंजी असलेल्या त्या काळात वृत्तपत्र वाचले जाई तसे ऐकलेही जाई, हे आपण विसरतो. छापील अंकाचा खप मोजून त्याचा प्रभाव ठरवणे म्हणूनच फसवे आहे. (आजही पानाच्या 'लाइक्स' मोजून संस्था हीच चूक करतात.)

खरी कसोटी १८८४ साली लागली. मुंबई सरकारच्या फॅक्टरी कमिशनसमोर ठेवण्यासाठी लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत वेतन, अशा त्याच्या मागण्या होत्या. दया मागणारा सूर त्यांत नाही. प्रत्येक मागणीला वेळ आहे, तारीख आहे, म्हणजे ती नाकारायची झाली तर नेमके काय नाकारतो हे मालकाला सांगावे लागते. असा मजकूर ज्याने तो दिवस सोसला आहे त्याच्याशी बोलल्याशिवाय लिहिता येत नाही.

'दीनबंधू'ची भाषा सर्वत्र अशीच नेमकी होती, असा दावा नाही. त्या काळच्या वृत्तपत्री वादातला कडवटपणा त्यातही होता. पण मराठी वृत्तपत्रांचा इतिहास शिकवताना आपण 'दर्पण', 'केसरी' यांच्यापाशी तासन्‌तास थांबतो आणि 'दीनबंधू' एका ओळीत संपवतो, हे अन्यायाचे आहे. गद्यशैलीचा विचार करतानाही ते निवेदन वाचायला हवे.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७च्या प्लेगमध्ये गेले. पुढे भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालवला. तो पुण्यामुंबईतून निघत नसे, नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून दीर्घकाळ निघत राहिला, आणि त्याचा वाचक त्याच्या छापखान्याच्या दाराशीच राहत होता.

भोसरी-चाकणच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी आज रविवारी नसून गुरुवारी असते. त्या दिवशी चाकणच्या बाजारात आठवड्याची खरेदी करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या हातात मोबाइल असतोच. त्याच्या वस्तीत काम करणाऱ्या संस्थेचे पान त्यावर उघडले, तर त्याला तिथे आपलाच फोटो दिसण्याची शक्यता बरीच आहे.