नेकनूर : बालाघाटावरील संतपरंपरेचे गाव

नेकनूर हे बीड तालुक्यातील, बालाघाटाच्या पठारावर वसलेले मोठे गाव आहे. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना ते लागते. आठवडी बाजार आणि जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी ते पंचक्रोशीत परिचित आहे. मराठी संतपरंपरेत या गावाचे नाव दोन संतांशी जोडलेले आहे.

भौगोलिक स्थान

बीड जिल्ह्याचे दोन ठळक भाग पडतात. उत्तरेला गोदावरीकाठची सखल गंगथडी आणि दक्षिणेला डोंगराळ घाटमाथा. नेकनूर घाटमाथ्यावर आहे. मांजरा नदीचा उगमही याच डोंगररांगेत, पाटोदा तालुक्यात होतो. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता.

मन्मथस्वामी

वीरशैव लिंगायत परंपरेतील संतकवी मन्मथस्वामी यांचे जन्मगाव नेकनूर मानले जाते. निगमपूर हे गावाचे जुने नाव सांगितले जाते. ‘परमरहस्य’ या ओवीबद्ध ग्रंथात स्वामींनी वीरशैव विचार मराठीत मांडला. या पंथाचे पुष्कळसे वाङ्मय कन्नड आणि संस्कृतमध्ये असल्याने मराठी अनुयायांना या ग्रंथाचा मोठा आधार झाला. घरोघरी व मठांत त्याचे पारायण होते. स्वामींची समाधी मांजरसुंब्याजवळच्या कपिलधार येथे, डोंगरातील धबधब्यालगत आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्रासह कर्नाटक व तेलंगणातून दिंड्या येतात.

बंकटस्वामी महाराज

विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. बंकटस्वामी हे त्यांचे निकटचे शिष्य. जोग महाराज १९२० मध्ये गेल्यानंतर संस्थेची धुरा सांभाळणाऱ्यांत ते अग्रणी होते. नेकनूरला त्यांचा मठ आहे. त्यामुळे लिंगायत आणि वारकरी असे दोन्ही प्रवाह या एकाच गावाशी जोडले गेले.

वारशापुढील प्रश्न

हा वारसा दगडी वास्तूंपेक्षा ओवी, अभंग, पारायण आणि दिंडी यांत टिकला आहे. तो टिकायचा तर म्हणणारी माणसे गावात हवीत. बालाघाटावर जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे निघतात. कपिलधारची यात्रा भरते तीही याच दिवसांत. बाहेरच्या दिंड्या घाट चढत असतात, तेव्हा घाटमाथ्यावरच्या अनेक घरांना कुलूप लागलेले असते.