दुतोंड्या मारुती

जपानांतील अनेक नगरांनीं 1980 नंतर गटारांच्या लोखंडी झांकणांवर आपल्या गांवची ओळख ओतविली आहे. कोठें फूल, कोठें किल्ला, तर कोठें गांवावर पडणारें बर्फ. पायांखालच्या वस्तूस लाभलेला हा मान पाहून, आपल्या पावसाळ्याची अशी खूण कोठें आहे, असा प्रश्न आम्हांस पडला. विंचूरच्या वाचकास उत्तरासाठीं फार दूर जावयास नको. नाशकास रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रांत दुतोंड्या मारुती उभा आहे.

पाणी मारुतीच्या गुडघ्यास लागलें, कमरेस आलें, गळ्याशीं पोंचलें, अशा शब्दांत सारें नाशिक पूर मोजतें. जवळच नारोशंकर राजेबहाद्दरांनीं 1747 सालीं बांधविलेलें देऊळ आहे. 1739 मध्यें वसई जिंकल्यावर आणलेली पोर्तुगीज घंटा तेथें टांगलेली असून, तिला पाणी लागलें म्हणजे महापूर, हा दुसरा संकेत. राजेबहाद्दर काय आणि विंचूरकर काय, दोन्ही पेशवाईंतलीं सरदार घराणीं. परंतु विजयाची खूण पुढें पुराची खूण व्हावी, हें भाग्य त्या घंटेच्याच वांट्यास आलें.

विंचूर गोदाकांठीं नाहीं; पण त्याच निफाड तालुक्यांतील सायखेडें व चांदोरी हीं गांवें आहेत. नाशकाचें पाणी खालीं त्यांच्याकडेच येतें. मारुतीच्या गळ्याशीं पाणी, ही वार्ता तेथें नुसतें कौतुक नसून सामान हलविण्याची सूचना असते.

आतां गंगापूर धरणांतून किती क्युसेक पाणी सोडलें, तें आधींच कळतें. मग मूर्तीचें काम संपलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. धरण असतांहि 1969 चा महापूर आला, आणि ऑगस्ट 2019 मध्यें मारुतीच्या मस्तकावरून पाणी गेलें. आंकडा पाण्याचें मान सांगतो. त्या पाण्यास आपण वाट किती ठेविली, हें मारुती सांगतो. पात्रांत काँक्रीट घातलें, कांठ बांधकामांनीं आंवळला, तर तेवढेंच पाणी अधिक वर चढणार. तो दोष मेघाच्या माथीं मारतां येणार नाहीं.

म्हणून आमची सूचना इतकीच: सायखेडें व चांदोरी येथें 1969 व 2019 च्या पाण्याच्या रेषा सर्वांस दिसतील अशा दगडावर, चांगल्या कारागिराकडून, कोरून ठेवाव्या. नवें घर बांधणारानें पाया घालण्यापूर्वीं त्या एकदां पाहाव्या.