माळ्यावरचं सामान आणि अकरा ओळी

नोकरीच्या पहिल्या वर्षी पुण्यातल्या एका कंपनीत सीनियरनं मला 'युटिल्स' नावाचा फोल्डर दाखवला. म्हणाला, "जे कुठंच बसत नाही ते इथं टाकायचं." म्हणजे आपल्या घरातला माळाच. त्या माळ्यावर तारीख छापणारी तीन फंक्शन्स होती, तिघांनी लिहिलेली. एक दिवस आधी छापायचं, दुसरं महिना. मी चुकीचं उचललं आणि 3 एप्रिलचं बिल 4 मार्चचं झालं. शिव्या मी खाल्ल्या. फंक्शन कोणाचं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हापासून किरकोळ सामान कुठं ठेवतात, याकडे माझं लक्ष असतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात यावर चाळीस वर्षं खल चाललाय.

1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमननं ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातल्या छोट्या कमांड पुढं तीन पेट्यांत विभागल्या गेल्या : फाइलींच्या (ls, cp, rm), मजकुराच्या (sort, wc, tail) आणि शेलच्या (date, echo). वाटणी दिसायला शहाणी. पण तिन्ही पेट्या सांभाळणारा मुख्य माणूस एकच, जिम मेयरिंग. वेगळ्या पेट्या म्हणजे वेगळी आवृत्ती, वेगळं प्रकाशन, तेच काम तीनदा. शेवटी तिन्ही एकत्र करून 'कोअरयुटिल्स' झालं. 2003 मध्ये त्याची 5.0 आवृत्ती आली. लिनक्सवर 'ls' टाइप करणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. असायचं कारणही नाही म्हणा.

जावास्क्रिप्टवाले नेमके उलट गेले. एक फंक्शन, एक पॅकेज. लेफ्ट-पॅड हे त्यातलंच, जेमतेम 11 ओळींचं. काम काय, तर शब्दाच्या डावीकडं ठरलेल्या लांबीपर्यंत रिकाम्या जागा किंवा शून्यं भरायची. लेखक अझेर कोचुलू. त्याच्या दुसऱ्याच एका पॅकेजच्या 'किक' या नावावर एका कंपनीनं हक्क सांगितला, एनपीएमनं नाव कंपनीला दिलं, आणि 22 मार्च 2016 ला यानं चिडून आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. जगभरात बिल्ड कोसळले. बेबेलसारखं बडं साधनसुद्धा त्या 11 ओळींवर उभं होतं! एनपीएमला दोनेक तासांत ते पॅकेज परत आणावं लागलं, आणि पुढं काढून घेण्याचे नियमही बदलले.

लोक कोचुलूला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. त्यानं स्वतःचीच वस्तू उचलली होती. तिच्यावर घर बांधताना कुणी त्याला विचारलं नव्हतं. 2017 मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाणातच 'पॅडस्टार्ट' आलं. म्हणजे ती वस्तू मुळात भाषेतच हवी होती.

आता ताजी गोष्ट. ऑक्टोबर 2025 च्या उबुंटू 25.10 मध्ये ग्नूच्या त्या जुन्या पेटीऐवजी रस्ट भाषेत नव्यानं लिहिलेली पेटी आली. परवानाही जीपीएलऐवजी एमआयटी, म्हणजे बदल करून वाटताना आपला कोड उघड करण्याची सक्ती गेली. भाषेवर भरपूर वाद झाले. मला परवान्याची बाब जास्त मोठी वाटते. आणि नव्या पेटीत आल्या आल्या अडखळलं काय? 'date'. फाइल शेवटची कधी बदलली विचारलं, तर ती आत्ताची वेळ सांगत होती, त्यामुळं आपोआप अपडेट तपासणं बंद पडलं. या वेळी मात्र चूक कुणाच्या दारात न्यायची ते माहीत होतं. दुरुस्तीही लगेच आली.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये 'युटिल्स' फोल्डर असेलच. त्यात तारखेची फंक्शन्स किती आहेत, मोजून कमेंटमध्ये सांगा.