अर्धें गलबत

कांचेच्या कपाटांतील लांकडी गलबतास लोक खेळणें म्हणतात. आम्हीही पुष्कळ दिवस तसेंच म्हणत असूं. परंतु एके काळीं खऱ्या गलबताच्या आधीं त्याचा लहान नमुना जन्मास येत असे.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कारागीर फळीवर फळी खुंट्यांनीं जोडून तींतून गलबताची एकच बाजू कोरीत. ती हातास व नजरेस निर्दोष वाटली म्हणजे फळ्या सुट्या करून मापें घेत, आणि तीं वाढवून त्यांबरहुकूम लांकूड कापीत. स्कूनर जातीचीं कितीएक गलबतें अशींच घडलीं. त्यांचीं शिडें लांबीच्या दिशेनें ताणलेलीं असत. त्यामुळें थोड्या खलाशांनिशीं, वारा समोरचा असला तरी, तीं तिरप्या वाटेनें पुढें सरत.

न्यूयॉर्क येथें बांधलेल्या 'अमेरिका' नामक स्कूनरनें १८५१ सालीं वाइट बेटाभोंवतालच्या शर्यतींत इंग्रजांच्या नौका मागें टाकल्या. पुढें १९४२ सालीं अनॅपोलिस येथें बर्फाच्या भारानें छप्पर कोसळून ती चिरडली, व १९४५ त मोडीत निघाली. मूळ गलबत गेलें. लांकडी नमुने मात्र संग्रहालयांत राहिले. आरंभीं जो गलबताचें बीज, तोच नमुना शेवटीं त्याचें स्मारक झाला. त्यास खेळणें कसें म्हणावें?