दोन काठ्या, एक हात

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातील सदतिसावा अध्याय म्हटला की शुष्क अस्थींचे खोरे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. त्याच अध्यायाच्या उत्तरार्धाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. एका काठीवर यहूदाचे नाव लिही, दुसरीवर योसेफाचे, आणि दोन्ही एकमेकींना जोडून हातात धर, अशी आज्ञा तेथे प्रभू संदेष्ट्याला देतो. लोक अर्थ विचारतील तेव्हा त्याने सांगायचे आहे की, दुभंगलेल्या प्रजेला परमेश्वर स्वतःच्या हाती एक करणार आहे.

या साध्या कृतीमागचा इतिहास मोठा वेदनामय आहे. शलमोन राजाच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. 930 च्या सुमारास, राज्य फुटले. उत्तरेचे इस्राएल इ. स. पू. 722 च्या सुमारास अश्शूरी सत्तेने बुडविले. यरुशलेम इ. स. पू. 587 च्या सुमारास बाबेलच्या हाती पडले. यहेज्केल स्वतः बाबेलात हद्दपारीचे जिणे जगत होता. तो ज्या काठ्या जोडीत होता, त्यांतील एक तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच मोडून पडली होती! हरवलेल्या भावाचे नाव कुटुंबाच्या यादीतून खोडायचे नाही, हा त्या वाणीचा आग्रह आहे.

ही भविष्यवाणी मुळात इस्राएलविषयीची. ख्रिस्तसभेतील फाटाफुटीचे वेळापत्रक तिच्यात शोधीत बसणे योग्य नव्हे, जरी तसे शोधणारे उत्साही भाष्यकार प्रत्येक पिढीत निपजतात. तथापि अखेरच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने आपल्या अनुयायांच्या एकीसाठी जी प्रार्थना केली, तिच्या प्रकाशात ही दोन काठ्यांची खूण आपल्यालाही काही विचारते. जोडणारा हात कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास विसाव्या शतकाचा बराच काळ खर्ची पडला. 1908 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ग्रेमूर येथे पॉल वॉटसन यांनी 18 ते 25 जानेवारी असा ऐक्यप्रार्थनेचा अष्टाह सुरू केला. त्या वेळी ते अँग्लिकन परंपरेतील धर्मगुरू होते. पुढच्याच वर्षी ते आपल्या संघासह कॅथलिक ख्रिस्तसभेत आले. इतरांनी रोमकडे परतावे, ही त्या प्रार्थनेची दिशा होती. साहजिकच इतरांना तीत मनापासून सामील होणे अवघड गेले. फ्रान्समधील लिआँचे धर्मगुरू पॉल कुतुरिए यांनी 1930 नंतरच्या दशकात तिला नवे वळण दिले. रशियातून परागंदा होऊन आलेल्या निर्वासितांची सेवा करताना त्यांना पूर्वेकडील ख्रिस्ती जीवनाची श्रीमंती उमगली होती. ख्रिस्ताला जसे हवे तसे आणि ज्या मार्गाने हवे त्या मार्गाने ऐक्य घडो, एवढेच मागावे, असे ते सांगू लागले. माझ्या मते या चळवळीतील सर्वांत मोठी क्रांती हीच. काठ्या आपल्या मुठीतून निघून प्रभूच्या हाती गेल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी ऐक्याविषयीचा आदेश संमत केला आणि फुटीचा दोष दोन्ही बाजूंकडे असल्याचे मान्य केले. 1054 सालचे परस्परांवरील बहिष्कार पोप सहावे पॉल आणि कुलगुरू अथेनागोरास यांनी 7 डिसेंबर 1965 रोजी स्मृतीतून पुसून टाकले. रोम आणि इस्तंबूल येथे ती घोषणा एकाच दिवशी वाचली गेली. 1968 पासून प्रार्थना-सप्ताहाचे साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक ख्रिस्तसभा परिषद मिळून सिद्ध करू लागले. 2009 साली त्याचा मसुदा कोरियातील ख्रिस्ती बांधवांनी केला आणि विषय निवडला तो यहेज्केलच्या या काठ्यांचाच. 1945 पासून ज्यांचा देश दोन तुकड्यांत विभागला गेला, सीमेपलीकडच्या आप्तांची खबरही ज्यांना मिळत नाही, त्यांना हा उतारा कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक जोडणी घडली आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय ख्रिस्तसभा स्थापन झाली. तीत बालकांचा बाप्तिस्मा करणारे आणि केवळ प्रौढ विश्वासणाऱ्यांचाच करणारे, असे दोन्ही पक्ष होते. यासाठी युरोपात एकेकाळी माणसे बुडवून मारली गेली होती. नागपुरात दोन्ही प्रथांना जागा मिळाली. मेथॉडिस्टांचा एक मोठा गट मात्र आयत्या वेळी बाहेर राहिला.

प्रभुभोजनाचे मेज अद्याप वेगवेगळे आहे आणि मिश्रविवाहाच्या घरांत ही वेदना दर रविवारी जाणवते. पास्काच्या सणाची तारीखही एक नाही. तो सर्वांनी एकाच दिवशी पाळावा, असे निकेया येथील धर्मपरिषदेने 325 साली ठरविले होते. तिच्या सतराशेव्या वर्षी, 20 एप्रिल 2025 रोजी, पूर्व आणि पश्चिम दोघांनी पुनरुत्थानाचा सण एकाच दिवशी साजरा केला. तो कोणाच्या निर्णयाने नव्हे, तर दोन पंचांगांच्या गणिताने जुळून आलेला योग होता. 2026 साली तारखा पुन्हा एका आठवड्याने दुरावतात. गणिताने पुढचा योग 2028 साली, 16 एप्रिल रोजी आहे.